चाहत्यांची प्रचारचित्रे : छायाचित्र-संस्करणाचे तंत्र आणि मुळाची नोंद

१. विषयाची व्याप्ती

एखाद्या नटाविषयी, गायिकेविषयी, खेळाडूविषयी किंवा लोकनेत्याविषयी ज्याच्या मनात उत्कट अनुराग आहे अशी व्यक्ती, कोणी न सांगता व कोणाकडून मोबदला न घेता, त्याच्या गौरवार्थ पोस्टर, फलक अथवा भिंतीवर लावावयाचे चित्र तयार करते. अशा निर्मितीस प्रस्तुत लेखात ‘चाहत्याचे प्रचारचित्र’ असे म्हटले आहे. बाह्य रूपाने हे चित्र जाहिरातीसारखेच दिसते. तेच ठळक नाव, तोच मोठा चेहरा, प्रदर्शनाची वा वाढदिवसाची तीच तारीख. दोहोंतील भेद निराळ्या ठिकाणी आहे. जाहिरात करणाऱ्या संस्थेस छायाचित्रे पुरविली जातात किंवा ती मोल देऊन घेतली जातात. चाहत्याजवळ अनुराग असतो, संगणक असतो, थोडेबहुत कौशल्यही असते. परंतु कच्चा माल नसतो. ज्याचे चित्र करावयाचे ती व्यक्ती त्याच्यासमोर येऊन बसत नाही. म्हणून दुसऱ्या कोणी तरी काढलेले छायाचित्र त्याला उचलावे लागते. या कलेच्या तंत्रातील पुष्कळशा युक्त्या आणि तिच्याविषयीचे बहुतेक वाद या एका वस्तुस्थितीतून उद्भवतात.

या विषयाकडे सामान्यतः दोन दिशांनी पाहिले जाते. तांत्रिक पुस्तिका कोणती कळ केव्हा दाबावी हे सांगतात. कायद्याचे अभ्यासक उसनवारी न्याय्य की अन्याय्य याची चर्चा करतात. या दोन चर्चांचा एकमेकींशी फारसा संबंध येत नाही. वस्तुतः त्यांचा सांधा तंत्रातच आहे. संस्करणाच्या साधनात प्रत्येक पायरीची नोंद ठेवण्याची सोय असते. तयार होऊन बाहेर पडलेल्या चित्रात मात्र ती नोंद उरत नाही. साधन स्मरणात ठेवते आणि चित्र विसरते. या दोन अवस्थांमधील अंतराचा चाहता काय उपयोग करतो, यावर त्याच्या कामाचे मोल अवलंबून असते, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. पूर्वपीठिका

छायाचित्रावरून प्रचारचित्र करण्याची रीत संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगविली. १९२४ च्या ‘कल्याणचा खजिना’ या मूकपटाचे पोस्टर भारतीय चित्रपटांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांत गणले जाते. मुंबईत मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात चित्रपटांचे फलक रंगवून चरितार्थ चालविला. फलक रंगविणारे कारागीर चित्रपटातील छोट्या छायाचित्रावर चौकटी आखीत, तितक्याच चौकटी भल्यामोठ्या फलकावर आखीत, आणि एकेका चौकटीतील आकार मोठा करून उतरवीत.

या रीतीतील दोन गोष्टी येथे ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, छायाचित्र आणि फलक यांच्या मध्ये रंगाऱ्याचा हात होता. त्यामुळे मूळ कोठे संपले आणि नवे कोठे सुरू झाले हे नुसत्या डोळ्यांना दिसे. दुसरी ही की, ते छायाचित्र चित्रपटसंस्थेने स्वतः होऊन हाती दिलेले असे. संगणकावर काम करणाऱ्या चाहत्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी पालटल्या. मूळ छायाचित्र जसेच्या तसे, त्यातील कणाकणासह, नव्या चित्रात उतरू शकते. आणि ते कोणी हाती दिलेले नसते.

३. चित्र म्हणजे अंकांचा तक्ता

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र हा अंकांचा एक तक्ता असतो. त्यातील प्रत्येक लहान चौकोनास चित्रबिंदू अथवा पिक्सेल म्हणतात, आणि प्रत्येक पिक्सेलसाठी तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांचे प्रमाण सांगणारे तीन अंक नोंदलेले असतात. नेहमीच्या प्रकारात प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत असतो. म्हणजे एका पिक्सेलला २५६ × २५६ × २५६, अर्थात १,६७,७७,२१६ रंगांपैकी कोणताही एक रंग घेता येतो. चित्र उजळणे, गडद करणे, एखाद्या रंगाकडे झुकविणे, धूसर करणे या सर्व क्रिया म्हणजे या अंकांवर केलेली गणिते होत.

या हिशेबातून चाहत्याची पहिली अडचण स्पष्ट होते. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल असावेत असा प्रघात आहे. ए-३ आकाराचे, म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटरचे पोस्टर त्या मानाने छापावयाचे तर सुमारे ३,५०८ × ४,९६१ पिक्सेल हवेत. चाहत्याच्या हाती आलेले छायाचित्र १,२०० पिक्सेल रुंदीचे असेल, तर त्या प्रमाणात ते अवघे ४ इंच रुंद छापता येईल. ए-३ च्या पूर्ण रुंदीवर पसरल्यास इंचाला जेमतेम १०३ पिक्सेल पडतील. साधन या पिक्सेलांच्या मध्ये नवे पिक्सेल घालू शकते, परंतु त्यांचे अंक शेजारच्या अंकांवरून अनुमानिलेले असतात. जो तपशील कॅमेऱ्याने टिपलाच नाही, तो या अनुमानाने परत येत नाही. चौकातील मोठे फ्लेक्स दुरून पाहावयाचे असल्यामुळे त्यांचे थोड्या पिक्सेलांवर भागते. हातात धरून पाहावयाच्या पोस्टराचे भागत नाही.

४. थर आणि मास्क

या कलेचे खरे यंत्र दोन कल्पनांवर चालते. त्यांपैकी पहिली थराची. कारागीर तिला ‘लेयर’ म्हणतात. चित्राचे घटक, म्हणजे पार्श्वभूमी, चेहरा, सावली, अक्षरे, हे निरनिराळ्या पारदर्शक पत्र्यांवर काढून एकावर एक ठेवावेत, तशी ही योजना आहे. एक थर हलविला, पुसला किंवा झाकला तरी इतरांस धक्का लागत नाही. दुसरी कल्पना मास्कची. थराचा कोणता भाग दिसावा आणि कोणता दडावा, हे सांगणारा एक करडा नकाशा त्या थरास जोडलेला असतो. पांढरा म्हणजे दिसणारे, काळा म्हणजे दडलेले, मधल्या करड्या छटा म्हणजे अंशतः दिसणारे. मास्कने झाकलेला भाग नष्ट होत नाही. मास्क पुन्हा पांढरा केला की तो जसाच्या तसा परत येतो.

या कल्पनेचा उगम संशोधनात आहे. एड कॅटमल व अल्व्ही रे स्मिथ यांनी १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काम करीत असता प्रत्येक पिक्सेलच्या तीन अंकांबरोबर पारदर्शकतेचा चौथा अंक ठेवण्याची पद्धत काढली; तिला ‘अल्फा’ हे नाव पडले. १९८४ मध्ये लूकसफिल्म येथील थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी चित्रे एकमेकांवर ठेवण्याच्या क्रियांचे सुव्यवस्थित गणित मांडले. त्यातील मुख्य सूत्र सोपे आहे. वरच्या चित्राच्या अंकास अल्फाने गुणावे, खालच्या चित्राच्या अंकास एक वजा अल्फाने गुणावे, आणि दोहोंची बेरीज करावी. वरचा अंक २००, खालचा ४० आणि अल्फा पाव असेल, तर ५० अधिक ३० म्हणजे ८० हा अंक दिसेल.

फोटोशॉपचा आरंभही विद्यापीठातच झाला. मिशिगन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये पडद्यावर करड्या छटा दाखविणारी एक छोटी प्रणाली प्रबंधाच्या कामाच्या जोडीने लिहिली. चित्रपटांतील विशेष दृश्ये तयार करणाऱ्या संस्थेत नोकरीस असलेले त्यांचे बंधू जॉन यांनी तिचे महत्त्व ओळखले, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अॅडोबी कंपनीने ती बाजारात आणली. थरांची सोय तीत १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आली. बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी रचलेली गिंप ही विनामूल्य प्रणाली १९९६ मध्ये लोकांपुढे आली. महागडे साधन ज्यास परवडत नाही त्या चाहत्याच्या हाती तिच्यामुळे ही कला आली.

मास्कचे गणित ठाऊक नसले म्हणजे काय होते, याचा प्रत्यय महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या चौकात येतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर ओळीने चेहरे मांडलेले असतात, आणि पुष्कळदा त्यांच्या केसांभोवती एक पांढुरकी कडा चमकत असते. ती कडा का उमटते? पांढऱ्या भिंतीपुढे काढलेल्या छायाचित्रात केसांच्या कडेचा पिक्सेल निम्मा केसाचा आणि निम्मा भिंतीचा असतो. केसाचा अंक ३० व भिंतीचा २५० धरल्यास त्या पिक्सेलचा अंक १४० येतो. कात्रीने कापावे तसा चेहरा कापून २० अंकाच्या गडद पार्श्वभूमीवर ठेवला, तर तो १४० तसाच राहतो व उजळ दिसतो. वास्तविक तेथे ३० आणि २० यांचे निम्मे निम्मे मिश्रण, म्हणजे २५, हवे होते. चांगला कारागीर कडेच्या पिक्सेलांस अर्धा अल्फा देतो आणि त्यांत मिसळलेला भिंतीचा रंगही काढून टाकतो.

एवढ्याने मात्र भागत नाही. एका चेहऱ्यावर उजेड डावीकडून आला आहे व शेजारच्यावर उजवीकडून. एकाचे छायाचित्र दिव्याच्या पिवळट प्रकाशात काढले आहे व दुसऱ्याचे भर उन्हात. एकास कॅमेऱ्याने खालून पाहिले आहे व दुसऱ्यास समोरून. अशी चित्रे एकत्र आणली म्हणजे अल्फा कितीही अचूक असो, ती मंडळी एका जागी उभी आहेत असे डोळ्यांस वाटत नाही. म्हणून छायाचित्र निवडतानाच प्रकाशाची दिशा, त्याचा रंग व दृष्टीची उंची ही तीन लक्षणे जुळवावी लागतात. या कलेतील अर्धे कौशल्य निवडीत आहे, असे जाणते कारागीर मानतात ते यामुळेच.

५. छटांचे विभाजन

अपुऱ्या पिक्सेलांच्या अडचणीवर चाहत्यांनी शोधलेला एक उपाय इतका रूढ झाला आहे की ती एक स्वतंत्र शैलीच बनली आहे. तो उपाय म्हणजे छटांचे विभाजन. प्रथम रंगीत छायाचित्राचे करड्या छटांत रूपांतर करतात. माणसाच्या डोळ्यास हिरवा प्रकाश अधिक व निळा कमी उजळ वाटतो. म्हणून सर्वमान्य पद्धतींपैकी एकीत तांबड्या अंकाचे सुमारे ३०, हिरव्याचे ५९ व निळ्याचे ११ टक्के घेऊन उजळपणा काढतात. मग ० ते २५५ या उजळपणाचे काही थोडे पट्टे पाडतात. उदाहरणार्थ, ६३ पर्यंतचे सारे पिक्सेल पहिल्या पट्ट्यात, १२७ पर्यंतचे दुसऱ्यात, १९१ पर्यंतचे तिसऱ्यात व उरलेले चौथ्यात. प्रत्येक पट्ट्यास एकेक सपाट रंग दिला की चेहऱ्याचे रूपांतर चार रंगांच्या आकारांत होते.

या रीतीने दोन गोष्टी साधतात. त्वचेचा व वस्त्राचा बारीक तपशील, जो मुळात अपुराच होता, तो नाहीसा होतो. आणि त्याची उणीव भासण्याऐवजी आकारांचा ठसठशीतपणा जाणवतो. उणिवेचे गुणात रूपांतर झाल्यासारखे होते. शिवाय आकारांच्या कडा रेषांनी बांधून घेतल्या तर ते चित्र टपालाच्या तिकिटाएवढे करा अथवा भिंतीएवढे करा, बिघडत नाही.

परंतु येथेच एक भ्रम उत्पन्न होतो. चित्र इतके पालटले की मूळ छायाचित्राचा त्यात मागमूस उरला नाही, असे करणाऱ्यास वाटू लागते. वस्तुस्थिती तशी नाही. दोन पट्ट्यांमधील सीमारेषा नकाशातील समोच्च रेषांसारख्या असतात. डोंगराची माती, झाडे, दगड नकाशात दिसत नाहीत. तथापि त्या रेषा त्याच डोंगराच्या असतात, दुसऱ्या कोणत्याही नव्हेत. त्याचप्रमाणे गालावरील छायेची कड कोठून कोठे गेली हे त्या क्षणी मान किती वळली होती, उजेड कोणत्या बाजूने होता आणि कॅमेरा कोणत्या उंचीवर होता यांवरून ठरलेले असते. मान वळण्याचा तो क्षण टिपणे, आणि पुष्कळदा उजेड व उंची निवडणेही, छायाचित्रकाराचे काम होते. छटांचे विभाजन केले म्हणजे तपशील नाहीसा होतो; ही निवड राहते.

६. एक प्रसिद्ध उदाहरण

या विवेचनाची कसोटी पाहण्यास २००८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीतील एका पोस्टराइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. रस्त्यांवरील भित्तिचित्रांमुळे प्रसिद्धी पावलेले चित्रकार शेपर्ड फेअरी यांनी जानेवारी २००८ मध्ये बराक ओबामा यांचे एक पोस्टर तयार केले. ते ओबामांच्या प्रचारयंत्रणेने काम सांगून करवून घेतलेले नव्हते. एका समर्थकाने आपण होऊन केलेले होते. गडद निळा, तांबडा, फिकट निळा व पिवळसर पांढरा एवढ्याच रंगांत किंचित वर पाहणारा चेहरा, आणि खाली एकच शब्द. हा शब्द प्रथम ‘प्रोग्रेस’ म्हणजे प्रगती असा होता. पुढे ‘होप’ म्हणजे आशा असा झाला, आणि त्याच नावाने पोस्टर जगभर ओळखले जाऊ लागले. फेअरी यांनी महाजालावर मिळालेले एक छायाचित्र घेऊन संगणकावर त्याच्या छटा वेगळ्या केल्या, त्यांवरून हाताने आकार कापले आणि ते पुन्हा संगणकात घेऊन रंग भरले. मागील भागात वर्णिलेलीच ही रीत होय. या चित्राची एक मोठी प्रत जानेवारी २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात दाखल झाली.

हे पोस्टर घरोघर पोहोचले असता मूळ छायाचित्र कोणाचे, हे मात्र वर्षभर लोकांस ठाऊक नव्हते. ते हुडकण्याचा प्रयत्न झाला तेव्हा आधी दुसऱ्याच एका छायाचित्राकडे बोट गेले. अखेर जानेवारी २००९ मध्ये आकारांच्या कडा जुळवून पाहता खरे मूळ सापडले. मॅनी गार्सिया यांनी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी काम करीत असता, एप्रिल २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधील एका सभेत ते टिपले होते. ते आपले छायाचित्र आहे हे तोवर खुद्द गार्सिया यांच्याही ध्यानात आले नव्हते. समोच्च रेषा डोंगर दाखवितात खऱ्या, परंतु तो डोंगर कोठे आहे हे हुडकणाऱ्यासच शोधावे लागते.

पुढील घटनाक्रम संशोधकांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. वृत्तसंस्थेने मोबदला व श्रेय मागितले. आपला वापर न्याय्य आहे असा निर्णय मिळावा म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये फेअरी यांनी न्यायालयात धाव घेतली. त्याच सभेतील आणखी एक छायाचित्र होते. त्यात ओबामांच्या शेजारी नट जॉर्ज क्लूनी बसलेले होते. आपण ते रुंद छायाचित्र घेऊन त्याची पुष्कळ काटछाट केली, असे फेअरी यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २००९ मध्ये हे खरे नसल्याचे त्यांनी मान्य केले. केवळ चेहऱ्याचे जवळून घेतलेले छायाचित्रच त्यांनी वापरले होते. आणि ही गोष्ट झाकण्यासाठी संगणकातील काही फाइली पुसल्या होत्या व काही बनावट तयार केल्या होत्या. जानेवारी २०११ मध्ये दोन्ही पक्षांनी आपापली कायदेशीर भूमिका न सोडता तडजोड केली. त्यामुळे वापर न्याय्य होता की नव्हता, या मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. पुरावा नष्ट केल्याच्या प्रकरणी मात्र फेअरी यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये गुन्हा कबूल केला, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांस दोन वर्षांची देखरेख, ३०० तासांची समाजसेवा व २५,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. न्यायालयाने शिक्षा दिली ती छायाचित्र वापरल्याबद्दल नव्हे. ते कोठून घेतले याची नोंद पुसल्याबद्दल आणि खोटी नोंद निर्माण केल्याबद्दल. अनेक कायदेतज्ज्ञांच्या मते वापराच्या प्रश्नावर फेअरी यांची बाजू अगदीच दुबळी नव्हती. ती मांडण्यास जो पुरावा लागतो, म्हणजे मुळापासून अखेरच्या चित्रापर्यंतच्या पायऱ्यांची साखळी, तीच त्यांनी स्वतःच्या हाताने तोडली.

७. कायद्याची दृष्टी

‘मी पुष्कळ पालटले, म्हणून ते माझे’ हा युक्तिवाद चाहते नेहमी करतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी अँडी वॉरहॉल प्रतिष्ठान विरुद्ध लिन गोल्डस्मिथ या दाव्यात त्याची मर्यादा दाखविली. गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्स यांचे छायाचित्र काढले होते. १९८४ मध्ये एका मासिकाने ४०० डॉलर देऊन ते एका वेळच्या उपयोगासाठी घेतले व त्यावरून वॉरहॉल यांच्याकडून चित्र करविले. वॉरहॉल यांनी त्याच छायाचित्रावरून एकंदर १६ कृती केल्या. २०१६ मध्ये प्रिन्स यांच्या निधनानंतर त्यांपैकी एक कृती मासिकाच्या मुखपृष्ठावर छापली गेली. प्रतिष्ठानास १०,२५० डॉलर मिळाले, छायाचित्रकर्त्रीस काहीच नाही. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने म्हटले की, वादग्रस्त वापराचा हेतू आणि मूळ छायाचित्राचा हेतू मुख्यतः एकच, म्हणजे प्रिन्सविषयीच्या मजकुरास चित्र पुरविणे, हा आहे. तेव्हा शैली नवी असली तरी वापराच्या हेतूविषयीचा निकष प्रतिष्ठानाच्या बाजूने जात नाही. चाहत्याच्या प्रचारचित्रास हा विचार विशेष लागू पडतो, कारण त्याचा हेतू पुष्कळदा अधिकृत पोस्टराच्या हेतूशी तंतोतंत जुळतो.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाप्रमाणे छायाचित्र ही कलाकृती होय. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचे संरक्षण छायाचित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे चालते. कलम ५२ मध्ये उचित वापराची कारणे नमूद आहेत : संशोधनासह खाजगी उपयोग, टीका वा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्त. अनुराग हे कारण त्या यादीत नाही. कलम ५७ अन्वये कर्त्यास आपले कर्तृत्व सांगण्याचा, आणि आपल्या मानास बाध येईल अशा विकृतीस हरकत घेण्याचा हक्क आहे. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी हा हक्क कर्त्याकडेच राहतो.

व्यवहारात चित्रपटसंस्था व खेळाडूंचे संघ चाहत्यांच्या चित्रांकडे पुष्कळदा कानाडोळा करतात, कारण त्यांचा फुकट प्रचार होतो. परंतु कानाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. तसेच ज्याचा चेहरा आहे तो प्रसन्न झाला म्हणून ज्याने तो टिपला त्याचे देणे फिटले, असेही होत नाही. चाहत्याचे चित्र दोन माणसांच्या आधारावर उभे असते. त्यांपैकी एकाचे नाव मोठ्या अक्षरांत येते आणि दुसऱ्याचे कोठेच येत नाही.

८. नोंद जपण्याची रीत

आता तंत्राकडे परत वळू. चित्र बाहेर पाठविताना सर्व थर एकत्र दाबून एकच सपाट चित्र करावे लागते. त्या क्षणी मास्क, थरांची नावे आणि झाकलेले भाग नाहीसे होतात. छायाचित्रात कर्त्याचे नाव व हक्काची सूचना ठेवण्यासाठी वृत्तसंस्थांनी ठरविलेले रकाने असतात. परंतु चित्र एका जागेहून दुसरीकडे जाताना तेही पुष्कळदा गळून पडतात. २०२३ पासून फोटोशॉपमध्येच शब्दांत वर्णन करून चित्राचा भाग उत्पन्न करण्याची सोय झाली आहे. अशा भागाचे मूळ कोणत्याही एका छायाचित्रात दाखविता येत नाही. म्हणून निदान तो भाग कोणता, हे लिहून ठेवण्याची गरज आणखी वाढली आहे. चित्राबरोबर त्याच्या उत्पत्तीचा इतिहास स्वाक्षरीसह बांधून पाठविण्याचे एक मानक सिद्ध करण्यासाठी २०२१ मध्ये अॅडोबी, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदी संस्था एकत्र आल्या, ही घटना याच गरजेची साक्ष देते.

तथापि त्यासाठी मोठ्या यंत्रणेची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील सवयी कोणासही लावून घेता येतील. मूळ छायाचित्र सर्वांत खालच्या थरात, काहीही न बदलता, झाकून ठेवावे. त्या थराचे नाव म्हणून छायाचित्रकाराचे नाव, वर्ष व प्राप्तिस्थान लिहावे. खोडरबराने पुसण्याऐवजी मास्कने झाकावे. उजळपणा व रंग यांतील फेरफार मूळ थरावर न करता वरच्या स्वतंत्र थरात करावेत, म्हणजे ते केव्हाही काढून घेता येतात. सपाट केलेल्या चित्राबरोबर थरांची फाइलही जपून ठेवावी. छायाचित्रकाराचा ठाव लागत असेल तर त्याची संमती मागावी, आणि त्याचे नाव चित्राच्या कडेला, वाचता येईल अशा आकारात, घालावे. ज्या छायाचित्राचा कर्ता कोण हे शोधूनही कळत नाही, ते शक्यतो वापरू नये. स्वतः टिपलेले किंवा मुक्त परवान्याखाली दिलेले दुसरे निवडावे.

या नियमांनी चित्राच्या गुणातही भर पडते. ज्याने मूळ जपले आहे त्याला केसांची कडा पुन्हा सुधारता येते, पट्ट्यांच्या सीमा पुन्हा आखता येतात, पोस्टराचा फलक करता येतो. ज्याने पुसले आहे त्यास प्रत्येक वेळी नव्याने आरंभ करावा लागतो. अभ्यासकाच्या दृष्टीनेही हा भेद मोठा आहे. कोणता भाग घेतला, कोणता झाकला व कोणता नव्याने घातला हे थरांच्या फाइलीवरून ओळीने वाचता येते. सपाट चित्रावरून केवळ तर्क करता येतो. प्रचारचित्रांचा संग्रह करू इच्छिणाऱ्या विभागांनी छापील प्रतीबरोबर ही फाइलही मागून घ्यावी, अशी येथे सूचना करावीशी वाटते. प्रबंध लिहिणाऱ्याने आधारग्रंथ सांगावेत अशी अपेक्षा आपण करतोच. चित्र करणाऱ्या चाहत्याने आधारछायाचित्र सांगावे, ही अपेक्षा त्याहून निराळी नाही.